कनातीच्या अलीकडे बसा

प्रिय ताई,

मी सिडकोत राहते. कॉलेज रोडवरच्या एका कॉलेजात बी.एस्सी.ला होते, विषय केमिस्ट्री. बॅच १९९७ची. म्हणजे बाकीच्यांची. टी.वाय.ला असताना डिसेंबरात माझं लग्न झालं आणि परीक्षेला बसणं राहिलं ते राहिलंच. पुढे मिस्टरांची सातपूरची कंपनी बंद पडली. २००३च्या सिंहस्थात बंदोबस्ताला आलेल्या पोलिसांचे सात डबे घेतले, तिथून माझी मेस सुरू झाली. आज रोज १६० डबे जातात, अकरा बायका कामाला आहेत.

येत्या जानेवारीत कॉलेजात माजी विद्यार्थ्यांचा शनिवार-रविवार मेळावा आहे. अमेरिकेतल्या मैत्रिणीने ग्रुपला ‘होमकमिंग’ असं नाव दिलंय. माणशी ३,५०० रुपये, दीडशे जण येतील. परवा ग्रुपवर कुणीतरी लिहिलं, ‘आपली मेसवाली असताना केटरर कशाला शोधायचा?’ लगेच खाली अंगठेच अंगठे. मग सी.आर.चा, म्हणजे तेव्हाच्या वर्गप्रतिनिधीचा, फोन आला, ‘घरचं कार्य समज. ना नफा ना तोटा कर, तुझं कॉन्ट्रिब्युशन माफ.’ मिस्टर म्हणतात घे. मेनू मी काढलाय, तो सोबत जोडते. नोंदणीचा फॉर्म तीनदा उघडला, पण ‘उत्तीर्ण वर्ष’ भरल्याशिवाय तो पुढे सरकत नाही. केमिस्ट्रीच्या मॅडमही येणार आहेत म्हणे. माझ्या लग्नाला आल्या होत्या, निघताना म्हणाल्या होत्या, ‘परीक्षेला ये हं.’ त्यांची सही असलेलं जर्नल अजून माझ्याकडे आहे.

तर ऑर्डर घेऊ का? आणि दर काय लावू?

— एक मेसवाली, सिडको, नाशिक

*

ताई,

तुमचं पत्र चार पानांचं होतं, वर छापलंय ते त्यातलं निवडक. साडेतीन पानं मेनू आणि सामानाची यादी. शनिवारी सकाळी काळ्या मसाल्याची मिसळ, दुपारी वरण-भात, भरली वांगी आणि जिलबी, रात्री पिठलं-भाकरी आणि ठेचा, रविवारी साबुदाणा वडा. वाचता वाचता मला भूक लागली, हे आधी कबूल करते. उरलेल्या अर्ध्या पानात परीक्षा, फॉर्म आणि मॅडम. मॅडमच्या वाट्याला जेमतेम तीन ओळी. त्याही पान संपत आल्यामुळे समासात, आडव्या लिहिलेल्या.

दर काय लावायचा हे मला विचारायला तुम्ही पत्र लिहिलेलं नाही. वीस वर्षांहून जास्त काळ मेस चालवणाऱ्या बाईला दीडशे पानांचा हिशोब तोंडपाठ असतो. माझा मुलगा शिकायला बाहेर होता तेव्हा मी त्याच्या मेसवाल्या मावशींशी दोन रुपयांवरून घासाघीस करून सपशेल हरले होते, तेव्हापासून या विषयात मी तोंड उघडत नाही. म्हणून पहिल्या प्रश्नाचं उत्तर देते. ऑर्डर घेऊ नका.

का, ते तुमच्याच मेनूवरून सांगते. दीडशे जणांच्या मिसळीला सहा-सात किलो कोरडी मटकी लागेल. नाशिकच्या जानेवारीत पारा दहाच्या खाली उतरतो आणि मटकी रुसून बसते. उन्हाळ्यात एका रात्रीत तरारून मोड येतात, थंडीत दोन रात्री लागतात, तेही फडक्यात घट्ट बांधून, घोंगडीत गुंडाळून, ओट्याच्या उबेला ठेवली तर. म्हणजे तुमचं संमेलन बुधवारी सकाळी मटकी भिजवण्यापासून सुरू होणार. शुक्रवारी रात्री भाजलेल्या खोबऱ्या-कांद्याचं वाटण. शनिवारी पहाटे तीनला गाडीत टोप चढवायचे. दुपारच्या एका पंगतीला माणशी तीन धरल्या तरी साडेचारशे पोळ्या, बारा-तेरा किलो कणीक. तुमच्या बायका वाघिणी असतील, पण त्या दिवशी नेहमीचे डबेही आहेतच ना?

आता कार्यक्रमपत्रिका बघा, तीही तुम्ही जोडली होती. दहाला दीपप्रज्वलन, साडेदहाला निवृत्त शिक्षकांचा सत्कार, साडेबाराला बॅचवार फोटो, एकला जेवण. फोटो जेवणाच्या अर्धा तास आधी आहे. कोणत्याही आचाऱ्याला विचारा, तो अर्धा तास कसा असतो. वरणात मीठ पडलंय का, जिलबीचा पाक घट्ट झालाय का, एक वाढपी आलाच नाही, पाण्याचे जार कुठे आहेत. तिकडे पोर्चच्या पायऱ्यांवर ९७च्या बॅचवाले एकमेकांना ढकलत उभे राहतील, कुणीतरी ओरडेल, ‘अरे ती कुठंय?’ आणि दुसरं कुणीतरी म्हणेल, ‘ती जेवणाचं बघतेय, चला, काढा.’ फोटो निघून जाईल. त्यात कुणाचं काही चुकलं असंही म्हणता येणार नाही.

हे मी कल्पनेने लिहीत नाहीये. आमच्या कॉलेजच्या पंचविशीला मी दोन दिवस नोंदणीच्या टेबलामागे बसले होते. बिल्ले द्यायचे, पिशव्या द्यायच्या, सह्या घ्यायच्या. मागून घेतलं होतं मी ते काम. तेव्हा माझी नोकरी नुकतीच सुटली होती आणि ‘सध्या काय?’ या प्रश्नाला माझ्याजवळ उत्तर नव्हतं. टेबलामागच्या माणसाला तो प्रश्न कुणी विचारत नाही. सगळे म्हणतात, ‘किती करतेस गं!’ आणि बिल्ला लावून पुढे जातात. त्या दोन दिवसांच्या शेकडो फोटोंपैकी एकात मी आहे. म्हणजे माझं कोपर आहे, आणि कोपराला अडकवलेली बिल्ल्यांच्या रिबिनींची गुंडाळी.

म्हणून तुमचा मेनू वाचताना शंका आली. या दोन दिवसांत कनातीच्या मागे राहायला मिळेल, हेच तुम्हाला कुठेतरी बरं वाटतंय का? हातात झारा असला की डिग्रीचं कुणी विचारत नाही. चूक असेल तर मला रागावून दुसरं पत्र लिहा.

बरं, ते ‘होमकमिंग’. अमेरिकेत शरद ऋतूत कॉलेजच्या फुटबॉल सामन्याभोवती हा सोहळा होतो. मिरवणूक निघते, विद्यार्थ्यांमधून राजा-राणी निवडतात, जुने विद्यार्थी त्या निमित्ताने परत येतात. तुमच्या मैत्रिणीने शब्द तिथून आणला, पण आपल्याकडे त्यासाठी शब्द आहे की. माहेरपण. आणि माहेरपणाला आलेल्या लेकीला कुणी पोळ्या लाटायला बसवत नाही. (बसवतात, मला ठाऊक आहे. दिवाळीला गेलं की दुसऱ्या दिवशी वहिनीचं डोकं दुखायला लागतं. पण निदान बसवणाऱ्याला थोडं कानकोंडं व्हायला होतं.) तुमच्या ग्रुपला तेवढंही झालेलं नाही, कारण त्यांनी तुम्हाला माहेरवाशिणीत धरलंच नाही. वाईट मनाने नाही. सव्वीस जणींमध्ये ‘मेस चालवते ती’ अशी तुमची खूण त्यांच्या डोक्यात बसलीय, बाकीच्यांची ‘बँकेतली’, ‘न्यू जर्सीतली’ अशी बसलीय तशीच. फरक एवढाच, की बँकेतलीला कुणी म्हणालं नाही, ‘तू आहेसच तर दोन दिवस आमचं काउंटर सांभाळ.’

‘कॉन्ट्रिब्युशन माफ’ हे शब्द मात्र मला खटकले. माफी गुन्ह्याला असते, कर्जाला असते. वर्गणी भरणारा पाहुणा होतो आणि वर्गणी माफ झालेला त्या कार्यातला माणूस होतो, कामाचा. ३,५०० रुपये आजच भरा. भरताना एवढं बघा, की ते माजी विद्यार्थी संघाच्या खात्यात जातायत, कुणा एकाच्या मोबाइलवर नाही. आणि पावती घ्या. पैशांच्या बाबतीत मैत्रीत पावती मागायला लाजू नये. तुम्ही तर डब्याच्या वहीत रोज सह्या घेता.

‘ना नफा ना तोटा’ याचा अर्थ धंद्यात तोटा असाच असतो, हेही तुम्ही जाणता. गॅसची टाकी, टेम्पो, उरलेलं अन्न, हरवलेले चमचे यांपैकी काहीच हिशोबात येत नाही. शेवटी खिशातले दहा-पंधरा हजार जातात आणि वर एखादा ऐकवतो, ‘वांगी जरा तेलकट होती हं.’

मिस्टरांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. ज्या घराने कंपनीचं कुलूप पाहिलंय, त्या घरात आलेली ऑर्डर सोडणं सोपं नसतं. जानेवारीत खरंच हात तंग असेल तर ऑर्डर घ्या, पण मग ती ऑर्डरच असू द्या. बाहेरच्या गिऱ्हाइकाला लावता तो दर, निम्मा ॲडव्हान्स, पानांचा आकडा चार दिवस आधी पक्का. तुमच्या अकराजणींतली सगळ्यात खमकी बाई त्या दोन दिवसांची मुखत्यार. मीठ कमी पडलं तर निरोप तिला जाईल, तुम्हाला नाही. तुमचं बिल एका बाजूला, तुमची वर्गणी दुसऱ्या बाजूला, दोन्हीची वजाबाकी करायची नाही. हे जमेल असं मला वाटत नाही. ज्या बाईने स्वतः चव घेतल्याशिवाय वीस वर्षांत टोप हलू दिलेला नाही, ती शनिवारी साडेबाराला पायऱ्यांवर शांत उभी राहील? पण तुम्ही मला ओळखत नाही तशी मीही तुम्हाला ओळखत नाही.

आता तो फॉर्म.

‘उत्तीर्ण वर्ष’ ही चौकट बहुधा कुणीतरी रात्री अकरा वाजता घाईत जुन्या फॉर्मवरून उचलून टाकली असणार. तिथे १९९७ असं खोटं लिहू नका. कुणाला कळेल म्हणून नाही, ती चौकट पुन्हा दिसेल तेव्हा तुम्हालाच टोचेल म्हणून. आणि चौकट अडली म्हणून घरीही बसू नका. संघाच्या सचिवांना फोन करा आणि एका वाक्यात सांगा, ‘मी १९९४ ते ९६ या वर्षांत प्रवेश घेतलेली विद्यार्थिनी, टी.वाय. अपूर्ण, नोंदणी कशी करू?’ माजी विद्यार्थी संघ नोंदणीकृत असला तर त्याला घटना असते आणि घटनेत सदस्य कोण याचं कलम असतं. कुठे ‘उत्तीर्ण झालेला’ असं लिहिलेलं असतं, कुठे ‘शिकलेला’. ते विचारून घ्या. सदस्यत्व मिळो न मिळो, मेळाव्याला येण्याशी त्याचा संबंध नाही. खरं सांगायचं तर कॉलेजलाच तुमची गरज आहे. कॉलेजांचा दर्जा ठरवणाऱ्या नॅकच्या मूल्यांकनात माजी विद्यार्थ्यांचा सहभागही बघतात. तिथे दाखवायला मेळावे लागतात, हजेरी लागते, सह्या लागतात. अकरा बायकांना रोजगार देणारी माजी विद्यार्थिनी कुठल्याही प्राचार्यांना अहवालात हवीच असते. त्या अहवालासाठी तुम्ही जावं असं मी म्हणत नाहीये. दारात कुणी अडवेल ही भीती तेवढी काढून टाका.

आणि बॅच म्हणजे काय हो? प्रॅक्टिकलला एका टेबलावर उभं राहून सॉल्ट ॲनालिसिस करायचं, हायड्रोजन सल्फाइडच्या सडक्या अंड्याच्या वासात नाकाला ओढणी लावून एकमेकींचा रिझल्ट चोरून बघायचा, ती बॅच. ९७च्या एप्रिलमध्ये फक्त परीक्षा झाली. त्याआधीची अडीच वर्षं तुम्ही तिथेच होतात.

ग्रुपवर काय लिहायचं ते लिहून देते, कारण असे निरोप लिहायला बसलं की आपण दोन परिच्छेद माफी मागतो. ‘मी शनिवार-रविवार दोन्ही दिवस येतेय. ३,५०० भरलेत, पावती सोबत. जेवणाचं या वेळी मी बघणार नाही, मला तुमच्यासोबत पंगतीला बसायचंय. चांगल्या दोन केटररचे नंबर सी.आर.ला पाठवते.’ बस. कारण देऊ नका, तब्येतीचं तर मुळीच नको. खाली रडके चेहरे येतील, एखादी म्हणेल ‘तुझ्या हातची चव हवी होती गं’. तिला म्हणा, एरवी कधीही सिडकोत ये, डबा नव्वदला मिळतो. किंवा काय असेल तो तुमचा दर.

केटररला रविवारचा नाश्ता मात्र देऊ नका असं सुचवा. रविवारी सकाळी नाशिककराने मिसळ बाहेर जाऊन खायची असते, गंगापूर रोडला रांगेत उभं राहून, पापड चुरून, वर दही घेऊन. पुण्या-मुंबईहून आलेल्यांना तेच हवं असेल. शिवाय ज्या गप्पा हॉलमधल्या गोल टेबलांवर होत नाहीत, त्या त्या रांगेत होतात. तुमचा साबुदाणा वडा माझ्यासाठी राखून ठेवा.

‘तू काय करतेस?’ हा प्रश्न येईलच. ‘काही नाही, छोटीशी मेस आहे’ हे वाक्य आजपासून बंद. ‘रोज १६० डबे जातात माझ्याकडून’ असं म्हणायचं आणि थांबायचं. पुढचं समोरच्याला बोलू द्या. डिग्रीचं कुणी विचारलंच तर ‘टी.वाय.ची परीक्षा दिली नाही, लग्न झालं होतं’. तुमच्या बॅचच्या निम्म्या बायका तेवढ्यावर मान डोलावतील. उरलेल्या निम्म्या गप्प बसतील, त्यांचीही काही ना काही गोष्ट असेल.

डिग्रीची रुखरुख या मेळाव्यापुरती आहे की त्याच्या आधीपासूनची, हे तुम्हालाच माहीत. आधीपासूनची असेल तर यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ पासून आपल्याच गावात, गंगापूर धरणाच्या रस्त्याला गोवर्धनला आहे. बारावी पास आहात, बी.ए. किंवा बी.कॉम.ला थेट प्रवेश मिळतो, मेस सांभाळून होतं. राज्यभरातून माणसं त्या विद्यापीठात नाव घालतात आणि आपण सिडकोतले लोक त्याच्यावरून गंगापूर धरणाला फिरायला जातो. पण जानेवारीत कुणाला दाखवायला म्हणून फॉर्म भरू नका. वाटलं तर फेब्रुवारीत विचार करा.

राहिल्या मॅडम.

त्यांना मेळाव्यात पहिल्यांदा भेटू नका. सत्काराच्या वेळी त्या व्यासपीठावर शाल-श्रीफळ सांभाळत असतील, खाली उतरल्या की तीस जण पाया पडायला धावतील. त्या गर्दीत तुम्ही वाकाल, त्या चष्म्यातून बघत म्हणतील, ‘कोण गं तू?’ आणि नाव सांगायच्या आत मागचा ढकलेल. तुम्ही इतक्या वर्षांचं जे साठवून ठेवलंय ते असं वाया घालवायचं नाही. आधी घरी जा. सी.आर.कडे पत्ता असेलच, निमंत्रण तिनेच दिलं असणार. फोन करून जा, एखाद्या साध्या मंगळवारी किंवा बुधवारी, दुपारचे डबे गेल्यावर. चारच्या पुढे जा म्हणजे त्यांची झोप झालेली असेल.

क्षमा मागायला जाऊ नका. ‘परीक्षेला ये हं’ म्हणणाऱ्या बाईला तेव्हाही दिसत होतं की तुम्ही येणार नाही. म्हणून तर ती तसं म्हणाली, आणि म्हणायलाच लग्नाला आली असेल असंही मला वाटतं. बुके नको. एका डब्यात त्या दिवशी मेसमध्ये जे झालं असेल ते न्या, भाजी-पोळी असली तरी चालेल. वयस्कर माणसाच्या घरी संध्याकाळच्या स्वयंपाकाची एक वेळ वाचली तर त्याला बुकेपेक्षा जास्त बरं वाटतं.

आणि ते जर्नल न्या. ब्राऊन पेपर फाटला असेल, कडा पिवळ्या पडल्या असतील, एखाद्या पानावर आम्लाचा डाग असेल. नवीन कव्हर घालायला जाऊ नका, आहे तसंच न्या. त्यांना आधी त्यांची सही दाखवा, नाव मग सांगा.